साहेब, माणसे ठेकेदाराला ठाऊक आहेत

वाकडच्या सोसायट्यांतून रोज चाकण, तळेगाव आणि भोसरीचे कारखाने चालवायला निघणाऱ्या व्यवस्थापक साहेबांस आणि मॅडमना,



चैत्री पौर्णिमेला हिंजवडीहून वाकडला म्हातोबाचे बगाड येते. आपल्यापैकी अनेकांनी ते गाडीच्या काचेतून पाहिले असेल. पाहिले म्हणजे अडकून पडल्यामुळे दिसले. त्या संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आज एवढे ट्रॅफिक कशाचे?’ अशी विचारणा सुरू होते, कुणीतरी ‘यात्रा आहे’ असे कळवतो आणि विषय मिटतो. गळकऱ्याच्या पाठीत गळ का टोचतात, हिंजवडीहून निघालेले बगाड वाकडलाच का येते, हे विचारायला कुणाला सवड नसते. वाकड महापालिकेत आले ते १९९७ साली. त्याआधी ते गाव होते, आणि म्हातोबा तेव्हाही होता. टॉवर मागाहून आले.

मला लिहायचे आहे ते बगाडाबद्दल नाही, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या शॉपमध्ये जे घडते त्याबद्दल. हजेरीत काही नावांपुढे खाडा पडलेला असतो. सुपरवायझर फोन लावतो, फोन बंद. मग केबिनमधून एक ठरलेले वाक्य ऐकू येते: ‘या लोकांना जबाबदारीच नाही.’ मी भोसरीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात अख्खी नोकरी काढली आणि आता निवृत्त होऊन वाकडला राहतो. हे वाक्य मी मराठी साहेबांकडून ऐकले, पंजाबी साहेबांकडून ऐकले, एकदा दुभाष्यामार्फत जपानी साहेबांकडूनही ऐकले. प्रत्येकाला ते आपल्यालाच नव्याने सुचले आहे असे वाटत होते.

परदेशी साहेबांचे एक बरे असते. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाला, मर्सिडीजचा चाकणचा कारखानाही त्याच वर्षीचा, आणि तळेगावात जिथे जनरल मोटर्स होती तिथे आता ह्युंदाई आहे. या निमित्ताने जर्मन, जपानी, कोरियन मंडळी या पट्ट्यात येऊन राहिली. येण्याआधी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना भारताविषयी शिकवून पाठवतात: मान आडवी हलली तर काय समजायचे, जेवताना कोणता हात वापरायचा वगैरे. त्यातले निम्मे इथे उपयोगाचे नसते. पण आपल्याला इथले काही ठाऊक नाही, एवढे तरी त्यांना ठाऊक असते. कोथरूडहून किंवा सांगलीहून वाकडला आलेल्या आपल्या माणसाला मराठी येते, म्हणून माणसेही कळली असे तो धरून चालतो.

हे खरे की नाही याची परीक्षा सोपी आहे. वेळ अमावस्या म्हणजे काय, हे उद्या आपल्या मीटिंगमध्ये विचारून पाहा. पश्चिम महाराष्ट्रात वाढलेल्या बहुतेकांना सांगता येणार नाही. मार्गशीर्षातली ही अमावस्या डिसेंबरात किंवा जानेवारीच्या सुरुवातीला येते. लातूर, धाराशिव आणि भोवतालच्या भागात त्या दिवशी घरी कुणी थांबत नाही, सगळे शेतात जातात. कडब्याची कोप करतात, तिच्यात पाच पांडवांची पूजा मांडतात. भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातले आंबील असा बेत असतो, आणि ज्याला स्वतःचे शेत नाही त्यालाही कुणाच्या तरी शेतात जेवायचे बोलावणे असते. लातूर शहराचे रस्ते त्या दिवशी ओस पडतात. तिथले जिल्हाधिकारी या दिवसासाठी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. आता आपल्या लाइनवर लातूर-धाराशिवचे किती जण आहेत ते मोजा. पिंपरी-चिंचवडच्या कितीतरी वस्त्या मराठवाड्याने भरल्या आहेत. त्यांच्या गावी ज्या दिवशी सरकारी कचेरी बंद असते, त्या दिवशी आपल्याकडे तिमाही संपत आलेली असते आणि डिस्पॅचची घाई असते. मग पोरगा आजारी पडतो. त्याने खोटे बोलायचे, आपण ते खोटे आहे हे जाणून वार्निंग लेटर काढायचे, आणि दोघांनीही खरे कारण बोलायचे नाही, असा हा रिवाज आहे.

लातूरचे हे झाले. खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळचा मुलगा चैत्र-वैशाखात आपल्या गावच्या यात्रेला जाणारच. त्यातून घरी बैलगाडा असेल तर विचारायलाच नको. शर्यतींवरची बंदी डिसेंबर २०२१ मध्ये उठली, मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्यांना परवानगी देणारा कायदा वैध ठरवला, आणि तेव्हापासून त्या महिन्यांतल्या हजेरीचा रंग पुन्हा जुन्यासारखा झाला. मृग लागला की विदर्भ-मराठवाड्याकडच्यांना पेरणी दिसू लागते. त्याच सुमारास ओडिशाच्या मुलांचे रज असते. तीन दिवस जमिनीला विसावा, नांगर चालवायचा नाही. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ. बिहारी कामगार एक वेळ दिवाळीला थांबेल, छठला थांबणार नाही, कारण व्रत त्याच्या आईचे असते आणि सूपाला हात लावायला मुलगा लागतो.

छठचेच उदाहरण जरा पुढे नेतो, कारण त्यात सगळे प्रकरण आले. पुण्याहून दानापूरला जाणाऱ्या गाडीचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडते. पूर्वी ते एकशे वीस दिवस आधी उघडायचे. म्हणजे ज्याला छठला जायचे आहे त्याला आपण कोणत्या तारखेला निघणार, हे किमान दोन महिने आधी ठाऊक असते. कारखाने कायद्याने पगारी रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यायला सांगितले. आणि आपल्या लाइन लीडरला ही गोष्ट कळते आदल्या रात्री, किंवा गाडी मनमाड ओलांडून गेल्यावर. साठ दिवस जी गोष्ट माणसाच्या खिशात छापील तिकिटाच्या रूपाने होती, ती आपल्यापर्यंत का आली नाही?

कारण त्याने विचारले नाही. विचारले नाही कारण विचारले तर नाही म्हणतील. नाही म्हटल्यावर गेलो तर तो उद्दामपणा ठरतो. न विचारता गेलो तर नुसता खाडा. टाइम ऑफिसच्या खिडकीत बसून मी हा हिशेब पुन्हा पुन्हा पाहिला, आणि खरे सांगतो, त्याच्या जागेवरून तो अगदी चोख आहे. त्याला बेजबाबदार म्हणण्याआधी एवढे पाहा की तो दरवर्षी त्याच दिवशी जातो आणि बहुधा त्याच दिवशी परत येतो. एवढी नियमितता आपल्या कच्च्या मालाच्या पुरवठादारात असती तर आपण त्याला बक्षीस दिले असते.

आणि असेही नाही की ही तारीख कुणालाच ठाऊक नसते. ठेकेदाराला ठाऊक असते. कोण कोणत्या गाडीने जाणार, कोणी तिकिटासाठी उचल घेतली, कुणाच्या बहिणीचे लग्न ठरले, कोण गेला की परत येणार नाही, हे सगळे त्याच्या वहीत असते. म्हणून छठच्या आठवड्यात दुप्पट दराने माणसे पुरवायला तोच उभा राहतो. आपण माणसांची माहिती ठेवली नाही, त्याने ठेवली, आणि आपलीच माहिती तो आपल्याला विकतो.

हे चाकणने शोधून काढलेले नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत हेच होते. गिरणीचा कामगार रत्नागिरीचा, साताऱ्याचा. सणावाराला तो गावी जायचा, पावसाच्या तोंडावर शेतीसाठी जायचा, आणि मालक गैरहजेरीच्या नावाने बोटे मोडायचे. त्यावर त्यांनी तोड काढली ती बदली कामगारांची. रोज सकाळी गिरणीच्या दारात जादा माणसे उभी राहायची आणि कुणाला आत घ्यायचे ते जॉबर ठरवायचा. जॉबर हा काही फार मोठा तंत्रज्ञ नसे. साहेबाला माणसे ठाऊक नव्हती आणि जॉबरला ठाऊक होती, एवढ्या एका भांडवलावर त्याचे राज्य चालले. तो गावाकडून माणूस आणायचा, त्याला गाळ्यात जागा बघून द्यायचा, कर्ज द्यायचा, आणि कामावर घेण्याबद्दल दस्तुरी घ्यायचा. आजच्या ठेकेदाराशी हे इतके जुळते की मला वेगळे काही सांगायची गरज नाही.

१९२९ साली सरकारने हिंदुस्थानातल्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला जॉन हेन्री व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमले. ना. म. जोशी त्याचे एक सदस्य होते. १९३१ च्या अहवालात कमिशनने या गावाकडे जाण्याच्या सवयीचा विचार केला आणि काढलेला निष्कर्ष मालकांना आवडण्यासारखा नव्हता. गावाशी असलेला कामगाराचा दुवा ही उद्योगाच्या दृष्टीनेही जमेची बाजू आहे, तो तोडू नये, उलट टिकवावा आणि होईल तितका नियमित करावा, असे त्यांनी म्हटले. कामगाराला ठरावीक मुदतीची रजा मागायला उत्तेजन द्यावे, आणि परतल्यावर जुने काम मिळेल असे वचन देऊन त्याला पाठवावे, हेही सुचवले. जॉबरच्या हातून भरतीचा आणि काढून टाकण्याचा अधिकार घ्यावा आणि कामगार अधिकारी नेमावेत, अशीही शिफारस होती. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. तो आजही असतो. बहुतेक ठिकाणी तो कॅन्टीनची बिले तपासत असतो.

यात्रा-सणांचे निदान पंचांग तरी असते. मरणाचे नसते. दहाव्याच्या रजेवरून मी जितकी भांडणे पाहिली तितकी पगारावरून पाहिली नाहीत. कंपनीच्या नियमात जवळचे नातेवाईक म्हणजे आई, वडील, नवरा-बायको, मुले, फार तर भाऊ-बहीण. अर्ज येतो तो चुलत चुलत्याच्या दहाव्याचा. साहेब म्हणतात, किती चुलते आहेत रे तुला? सगळे हसतात. पोरगाही हसतो, आणि जातो. भावकी म्हणजे काय हे ज्याने फ्लॅटमधून पाहिले आहे त्याला हे कळणे अवघड आहे. गावात जमिनीच्या वाटण्या, बांधाचे वाद, मुलीची सोयरीक, विहिरीच्या पाण्याची पाळी हे सगळे भावकीच्या बैठकीत ठरते, आणि त्या बैठकीत बोलायचा हक्क दहाव्याला घाटावर उभे राहून मिळतो. जो शहरात गेला आणि दहाव्याला आला नाही, त्याच्या बापाच्या दहाव्याला चार माणसे येणार नाहीत. ही भीती वार्निंग लेटरपेक्षा मोठी आहे. मग नियमच वाढवायचा का? माझे मत विचाराल तर नातेवाइकांची यादी लांबवून काही होणार नाही. वर्षातून दोन दिवस ‘भावकीची रजा’ म्हणून द्या, कारण विचारू नका, आणि ते दोन दिवस कुठे खर्च करायचे हे त्याच्यावर सोडा. आपण समजतो त्याहून जास्त कंजूषपणे तो ते वापरेल.

आता ‘हो सर’कडे येतो.

नव्या मुलाला जॉब समजावून सांगितला, ‘समजले?’ विचारले, तो ‘हो सर’ म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी अख्खी बॅच रिजेक्ट झाली, हा अनुभव नसलेला एकही प्रॉडक्शनचा माणूस या पट्ट्यात नसेल. जपानी साहेब याला खोटेपणा म्हणतात, जर्मन साहेब मूर्खपणा म्हणतात, आपले लोक ‘अटिट्यूड’ म्हणतात. प्रत्यक्षात तो मुलगा वाढलेल्या घरात वडीलधाऱ्याच्या तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. त्या घरात नकार नसतो असे मुळीच नाही, पण तो आईच्या तोंडून जातो, मामाच्या तोंडून जातो, किंवा काही न बोलता न केलेल्या कामातून जातो. शॉपमध्येही तेच. नकार येतो, फक्त तो तुमच्याकडे सरळ येत नाही. तो मशीनशेजारच्या जुन्या ऑपरेटरकडे जातो, स्टोअरच्या माणसाकडे जातो, चहा आणणाऱ्या पोराकडे जातो. चांगल्या सुपरवायझरला हे टप्पे ठाऊक असतात आणि तो जेवणाच्या सुट्टीत बरोबर त्या माणसाशेजारी जाऊन बसतो.

लाइनवर दोरी टांगली म्हणून कुणी ती ओढत नाही. दोष दिसताच कुणाही कामगाराने दोरी ओढून लाइन थांबवावी, ही टोयोटाची पद्धत आता इकडे पुष्कळ ठिकाणी आली आहे, लाल-पिवळे दिवेही लागले आहेत. पण पहिल्यांदा दोरी ओढणाऱ्याला लीडरने सगळ्यांदेखत ‘काय झाले आता?’ असे ज्या सुरात विचारले, त्या सुरात ती पद्धत तिथेच मेली. ‘हो सर’ टाळायचे तर ‘समजले का’ हा प्रश्नच सोडून द्या. ‘आता तू काय करशील ते करून दाखव’ म्हणा. त्यात हो-नाही येतच नाही, आणि कुणाचा मानही जात नाही.

मानावरून आठवले. पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत आपण आणली, सगळे समान म्हणून. हेतू चांगला होता. पण चोवीस वर्षांचा इंजिनिअर पन्नाशीच्या टर्नरला सगळ्यांसमोर एकेरी नावाने हाक मारतो तेव्हा टर्नरला समानता ऐकू येत नाही. त्याच्या गल्लीत त्याला मामा म्हणतात, दादा म्हणतात. इंजिनिअरलाही घरी तेच शिकवलेले असते. इंडक्शनच्या दिवशी तो ते विसरतो. ‘शिंदे मामा’ म्हटल्याने कंपनीच्या कोणत्याही धोरणाचा भंग होत नाही.

आतापर्यंतचे वाचून काहींना वाटेल, हा म्हातारा कामगारांच्या सगळ्याच सवयींची वकिली करतो आहे. तसे नाही. नवरात्रात घट बसले की कितीतरी जण नऊ दिवस अनवाणी राहतात. प्रेस शॉपमध्ये, फाउंड्रीत अनवाणी माणूस मी एक मिनिटही उभा राहू देणार नाही, आणि कुणी देऊ नये. वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ असते, ती तो काढत नाही; पण फिरत्या चकजवळ गळ्यात काही लोंबते नको. फिरत्या यंत्राजवळ अंगासरशी बसणारे कपडे हवेत, हे कायद्याचेही सांगणे आहे. मंगळसूत्र, बांगड्या, मनगटातला गंडा, सगळ्यांना तोच नियम. प्रश्न हा की नकार द्यायचा कसा. आमच्या शॉपमध्ये एका साहेबांनी नोटीस लावली, शिस्तभंगाच्या कारवाईची. दुसऱ्या दिवशी घटस्थापना, आणि अर्धी पाळी गेटवर अनवाणी उभी. शेवटी एका जुन्या फिटरने तोड काढली. गेटच्या आत बूट घालायचे, बाहेर पडताक्षणी काढायचे, आणि त्या आठ तासांबद्दल देवीला चहा वाहायचा, म्हणजे नऊ दिवस चहा सोडायचा. पोरांना ते पटले, कारण त्यांच्या रीतीत सूट मिळवायची रीतही होती. ती साहेबांना ठाऊक नव्हती, फिटरला होती. माळेचे तर त्याहून सोपे होते: बंद गळ्याचा टी-शर्ट, माळ आत, आणि तेही नको असेल तर लेथ सोडून असेंब्लीवर बदली. जी घडी बसली तीत कुणालाच कमीपणा आला नाही.

काही सवयींना मात्र तोडही काढायची नसते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात दलित कामगारांना घेत नसत. धागा तुटला की नव्या कांडीचा धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि दलिताच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही कसा तोंडाला लावणार, असे सवर्ण विणकरांचे म्हणणे होते. विणकामात मजुरी जास्त होती, म्हणजे सवयीच्या नावाखाली एका समाजाचा पगार कापला जात होता. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. मालकांना हे ठाऊक नव्हते असे नाही. ‘त्यांच्यातली रीत आहे’ म्हणून त्यांनी हात झटकले होते. आज धोटा नाही, पण नव्या मुलाला पहिल्याच दिवशी गाव आणि आडनाव कशासाठी विचारले जाते, साफसफाईच्या यादीत कोणाची नावे फिरून फिरून येतात, कॅन्टीनमध्ये कोण कुणाच्या टेबलावर बसत नाही, हे पाहायला साहेबाला शॉपवर उतरावे लागेल. तिथे ‘त्यांच्यातली रीत’ हे उत्तर चालणार नाही.

आणि अनोळखी सवयी काय फक्त कामगारांनाच आहेत? वाकडच्या एकाच इमारतीत सातव्या मजल्यावरचा आयटीवाला शनिवार-रविवार घरी असतो आणि तिसऱ्या मजल्यावरचा भोसरीचा टूलमेकर गुरुवारी. विजेचा भार वाटून घेण्यासाठी या पट्ट्याला गुरुवारची सुट्टी बसली, आणि त्यावर इथल्या बाजारापासून लग्नाच्या बोलण्यांपर्यंत सगळा आठवडा बेतला गेला. बाहेरून आलेल्या साहेबाला गुरुवार विचित्र वाटतो. कामगाराला साहेबाचा रात्री अकराचा मेल विचित्र वाटतो, सकाळच्या मीटिंगमधल्या टाळ्या विचित्र वाटतात, वाढदिवसाला चेहऱ्याला फासलेला केक तर त्याला अन्नाचा अपमान वाटतो. तो तसे बोलत नाही, एवढेच. तो साहेबांच्या या सवयी पोटात घालून आठ तास काम करतो आणि कुणी त्याला त्याबद्दल प्रशिक्षण दिलेले नसते.

शेवटी तीन मागण्या करतो, पैशाच्या दृष्टीने किरकोळ आहेत.

पहिली: दसऱ्याला मशीन धुऊन, झेंडूचे हार घालून, पेढे वाटून पूजा होते, कंपनी खर्च करते, साहेब नारळ फोडतात. उत्तम. बिहार, झारखंड, बंगाल, ओडिशाकडचा कामगार तीच पूजा १७ सप्टेंबरला करतो, विश्वकर्म्याची. त्या दिवशी तो हत्यार चालवत नाही. त्याला अर्धा तास, एक हार आणि साहेबाचा एक नारळ द्या. आपल्या शॉपमध्ये एकाच मशीनची दोनदा पूजा झाली तर मशीन काही बिघडणार नाही.

दुसरी: कल्याण अधिकाऱ्याला कॅन्टीनच्या बिलांतून सोडवा. त्याला शॉपवर फिरू द्या, ठेकेदाराच्या माणसांशीही बोलू द्या. कंत्राटी कामगार हजेरीत ठेकेदाराचा असेल, मशीनवर तो तुमचा असतो.

तिसरी आणि मुख्य: दर जानेवारीत प्रत्येक कामगाराला, कायम असो वा कंत्राटी, एक कोरा कागद द्या. या वर्षात तुला कोणते दिवस गावी जावेच लागेल, ते लिही म्हणा. यात्रा, पेरणी, वेळ अमावस्या, छठ, ईद, रज, जे असेल ते. शंभर जणांचे कागद भिंतीवरच्या एका कॅलेंडरवर उतरवा आणि ते शॉपमध्ये लावा, केबिनमध्ये नको. ज्या दिवशी गर्दी होईल त्या दिवसासाठी त्यांनाच आपसांत ठरवू द्या. लातूरवाला छठला थांबेल आणि बिहारवाला वेळ अमावस्येला. ही अदलाबदल ते आजही करतात, फक्त ठेकेदाराच्या वहीतून. ज्याला रजा मंजूर केली त्याला परतल्यावर तीच मशीन मिळेल, हे लेखी द्या. रजेबाबत १९३१ च्या अहवालाने यापेक्षा जास्त काही मागितले नव्हते.

येत्या जानेवारीत आपल्यापैकी कुणी हा कागद वाटला तर पहिल्या वर्षी अर्धे कागद कोरे येतील. विश्वास बसायला वेळ लागतो. दुसऱ्या वर्षीही वाटा.



आपला,
वाकडचा एक रहिवासी, निवृत्त टाइमकीपर